मुठीबाहेरचा अंगठा

८ जुलै

प्रिय शिडे,

तुझी पोरगी पोचली. दाराच्या चौकटीवर डोकं आपटूनच आत आली. "मॅडम, मला शाळेतल्या खेळाच्या बाईंनी पाठवलंय," म्हणाली. मी खुर्चीतून उठले तरी माझी नजर तिच्या खांद्यापर्यंत पोचेना. एकाच पोरीला इतकी उंची द्यायची आणि माझ्या वाट्याला काही ठेवायचं नाही, ह्याला काय म्हणावं?

मी लगेच तिच्यावर आपल्या सरांची ती मुठीची परीक्षा करून बघितली. आठवते ना? "अंगठा आत घाल, वर बोटं घट्ट मिट." तुझा अंगठा करंगळीच्या बाजूने नखासकट बाहेर आला होता, आणि सर सगळ्या मैदानाला ऐकू जाईल असं म्हणाले होते, "हिला ठेवा." माझा अंगठा मुठीतच गुदमरला, म्हणून मला चेंडू आणून द्यायला ठेवलं. पुढे मी आपल्या व्हॉलीबॉल संघाची सेटर झाले, तुला नेटवर चेंडू उचलून देणारी, ते त्या चेंडूंमुळेच. इतकी वर्षं मी त्याच परीक्षेवर पोरी निवडत आलेय. लांब बोटं, लांब हात, म्हणजे नेटच्या वर कोपर काढणार. हिचा अंगठा तर तुझ्याहून बाहेर आला. मी मनातल्या मनात सरांना नमस्कार केला.

आणि मला तिची गरज आहे गं. सहायक म्हणून चेंडूंच्या पिशव्या वाहण्यात माझी उमेदीची वर्षं गेली. मुख्य प्रशिक्षक झाले तेव्हा खोलीची किल्ली मिळाली आणि आत मोडकी खुर्ची. पहिल्या हंगामात सपाटून मार खाल्ला, दुसऱ्यात जेमतेम तोंड वर काढलं. परवा कॉलेजच्या क्रीडा विभागप्रमुखांनी चहाला बोलावलं. यंदा उपांत्य सामना जिंकून अंतिम फेरी गाठली नाही, तर माझा करार पुढे जाणार नाही. इतक्या गोड आवाजात सांगितलं की मी आधी आभारच मानले.

फोन करू नकोस. फोनवर आपण भांडतो. पत्रात निदान वाक्य तरी पुरं करता येतं.

तुझी,
बुटकी

२० जुलै

बुटके,

पोर मला कशी सापडली ते तुला सांगितलंच नाही. शाळेच्या शेडवर चेंडू अडकला होता. मुलं काठी शोधत होती. ही आली, हात वर केला, चेंडू काढून दिला आणि निघून गेली. उडीसुद्धा मारली नाही. मी तिच्या मागे पळत गेले आणि धाप लागून पायरीवर बसले. पन्नाशी जवळ आली की असंच व्हायचं. शाळेने नवा मजला चढवलाय, त्याचं मला शिपायापेक्षा जास्त दुःख आहे.

तिची आई लॉन्ड्रीत इस्त्री करते. वडील ती लहान असतानाच गेले, काहीतरी अपघात. पोर गुणी आहे, फक्त तिला भूक लागलेली कळत नाही, तेव्हा तूच जेवायला बसव.

आणि एक विनंती. तिला जिने चढ-उतार करायला लावू नकोस. तिचे गुडघे नाजूक आहेत. तुझी ती जिन्यांची खोड मला माहीत आहे, म्हणून आधीच सांगते.

नेटवर पहिल्यांदा उडी मारेल तेव्हा ती कशी दिसते ते मला नीट लिही. अगदी सगळं लिही.

शिडी

२ सप्टेंबर

शिडे,

काय सांगू तुला. ती उडते तेव्हा समोरच्या पोरी क्षणभर खेळायचं विसरून वर बघत राहतात. आमच्या पोरींनी तिचं नाव सारस ठेवलंय. आतापर्यंतचे सगळे सामने जिंकलो. विभागप्रमुख हॉलमध्ये येऊन बसायला लागले आहेत, आणि काल माझ्या खोलीत नवी खुर्ची आली. मी मागितली नव्हती.

गुडघ्यांचं म्हणशील तर मी तपासून घेतले, ठणठणीत आहेत. तू तिला लाडावून ठेवलंस. तेव्हा बाईसाहेब, जिने चालू आहेत. तळापासून गच्चीपर्यंत, सगळ्यांबरोबर.

फक्त एक गोष्ट मनाला खुपते. चौथ्या फेरीनंतर ती मधल्या वळणावर बसते. बाकीच्या पोरी गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकतात. ही छातीवर तळहात ठेवून गप्प बसते, आत कोणी दार वाजवतंय आणि ते ऐकायचंय अशी. ओठ पांढरे. "काय गं?" म्हटलं की हसते. "काही नाही मॅडम, धडधडतंय." मी तिला आळशी म्हणाले. म्हणाले खरं, पण नंतर दिवसभर माझाच हात माझ्या छातीकडे जात होता. मला उगाच भीती वाटायला लागलीय. इतकं चांगलं चाललंय ना, म्हणून असेल.

बुटकी

९ सप्टेंबर

बुटके,

जिने बंद कर. हे पत्र मिळेल त्या दिवसापासून बंद कर. कारण विचारू नकोस. माझं कधी ऐकलं नाहीस, एवढं एक ऐक.

शिडी

२७ सप्टेंबर

शिडे,

जिने बंद केले. आता कारण सांग. तुझ्या चार ओळींनी माझी झोप उडवली होती, आणि काल जे झालं त्याने उरलीसुरलीही गेली.

काल शाळेतल्या काही मुली हॉल बघायला आल्या होत्या. मला चढला जोर. सारसला पुढे बोलावलं आणि म्हटलं, "मूठ दाखव गं यांना." तिने मूठ मिटली, अंगठा बाहेर. "असा अंगठा असेल त्यांनी पुढच्या वर्षी माझ्याकडे यायचं," मी म्हणाले. मुली आपापल्या मुठी मिटून बघायला लागल्या, हसाहशी झाली. आमचे फिजिओ बाकावर एकीच्या घोट्याला पट्टी बांधत होते. त्यांचा हात थांबला.

"मॅडम, हे कुठे शिकलात?"

"आमच्या सरांकडून. पोरी निवडायला."

"आम्हालाही शिकवतात," ते म्हणाले, "पण निवडायला नाही."

मग मला बाहेर नेऊन हळू आवाजात सांगितलं. काही माणसांचं अंगच सैल धाग्याने विणलेलं असतं. हाडं लांब, बोटं लांब, सांधे मऊ. त्याचं काही नाही. पण हृदयातून निघणारी मोठी रक्तवाहिनीही तशीच मऊ असली, तर ती हळूहळू फुगत जाते. जोराच्या उड्या, जिने, ताण, आणि एक दिवस ती फाटते. "अंगठ्यावरून काही ठरत नाही," ते म्हणाले. "पुष्कळ उंच माणसांचा अंगठा बाहेर येतो आणि ती शंभर वर्षं जगतात. पण तपासायला हवं. घरात कोणी असं अचानक गेलंय का, एवढं विचारून घ्या."

मी हॉलमध्ये परत आले तर सारस लहान मुलींना सर्व्हिस शिकवत होती. मला नेट दिसत होतं, पोरी दिसत होत्या, आवाज मात्र कुठलाच येत नव्हता. मी आजवर किती पोरींच्या मुठी बघून "हिला ठेवा" म्हटलं असेल, शिडे?

तिचे वडील कशाने गेले? खरं लिही. तुला ठाऊक आहे हे मला आता कळून चुकलंय.

बुटकी

४ ऑक्टोबर

बुटके,

हो, ठाऊक आहे. पोर तुझ्याकडे यायला निघाली त्या दिवशी तिच्या आईने गाडी सुटल्यावर सांगितलं. आधी नाही, सुटल्यावर.

तिचे वडील घरसामान हलवायचं काम करायचे. तिच्यासारखेच लांबलचक. एकटा माणूस पाठीवर कपाट घेऊन तिसऱ्या मजल्यावर जायचा, बाकीचे नुसते बघत राहायचे. एका दुपारी त्यांनी मधल्या वळणावर कपाट खाली ठेवलं. सावकाश ठेवलं, त्याला ओरखडासुद्धा नव्हता. मग त्याला टेकून बसले. बरोबरच्या माणसांना वाटलं दम खातायत. ती माणसं वर जाऊन आली, चहा पिऊन आली, मग हाक मारली.

पोरीला घसरून पडले एवढंच सांगितलंय. डॉक्टरांनी तेव्हाच बजावलं होतं की मुलीला तपासून घ्या. आईने नेलं नाही. मला म्हणाली, "बाई, काही निघालं असतं तर मी रोज तिच्याकडे कुठल्या तोंडाने बघितलं असतं? न बघता निदान दिवस तरी जातात." मी तिच्यावर चिडणार होते, पण मला ते इतकं पटलं की तिलाच धीर देऊन घरी सोडलं. जिन्यांचं तेवढं तिनेच सांगितलं होतं. गुडघ्यांची सबब मी घातली.

तुला का नाही सांगितलं? कारण तू तिला दुसऱ्या दिवशी परत पाठवलं असतंस. आणि मला तिला नेटवर बघायचं होतं. इथे बसून, तुझ्या पत्रांतून का होईना. एवढाच माझा स्वार्थ. तिला खेळवू नकोस.

शिडी

१८ ऑक्टोबर

शिडे,

तुझ्यावर ओरडायला मला वेळ नाही, ते उधार राहिलं. हॉलमध्ये बाकावर बसून लिहितेय. सकाळ आहे, पोरी नेट बांधतायत. दुपारी उपांत्य सामना.

मोठ्या रुग्णालयात हृदयाच्या डॉक्टरांनी वेळ दिलीय ती परवाची. परवाची, कळतंय ना? आज कागदावर तिला काहीही झालेलं नाही. फिजिओ म्हणाले, "मी सांगायचं ते सांगितलं. संघ तुमचा आहे." विभागप्रमुखांनी सकाळीच पाठ थोपटली, "आज तुमची सारस आहे, चिंता नाही." पत्र आल्यापासून मी तिला सरावात उड्या मारू दिल्या नाहीत, सामन्यासाठी तिचे पाय राखून ठेवतेय असं पसरवून दिलं. तिला खरं अजून सांगितलं नाही. तिच्या वडिलांचंही नाही. ती समोर उभी आहे, नेटची उंची काठीने न मोजता हाताने मोजतेय आणि बाकीच्यांना हसवतेय.

माझं मन फार हलकट आहे गं. तेच मला विचारतंय, दोन सेट खेळली तर काय होतंय? इतकी वर्षं खेळलीच ना? शाळेत कोण अडवत होतं? कदाचित काहीच नसेल, आणि मी उगाच एका शंकेपायी तिचाही हंगाम घालवीन आणि माझीही भाकरी. मग दुसऱ्या क्षणी मला ते वळणावरचं कपाट दिसतं. मला भीती वाटतेय, आणि कुणाची वाटतेय तेच कळत नाही. विभागप्रमुखांची, हरण्याची, की तिच्या छातीत जे काय आहे त्याची.

पंचांना नावं द्यायला बोलावतायत. जाते.

बुटकी

२३ ऑक्टोबर

बुटके,

फोन उचलत नाहीस. भांडण होईल तर होऊ दे, पण उचल. तुझं पत्र आज आलं. पेपरात तुमच्या सामन्याचे नुसते गुण आहेत. हरलात एवढंच कळतं. ती खेळली का? पहिला सेट इतक्या फरकाने घालवलात आणि तिसरा इतका अटीतटीचा, मग तिसऱ्यात कोण आलं होतं? मी ते आकडे उलटसुलट वाचतेय आणि प्रत्येक वेळी त्यांतून वेगळंच काहीतरी निघतंय.

काल तिच्या आईकडे गेले. ती इस्त्री करत होती. तिलाही पोरीचा फोन नाही. आम्ही दोघी एकमेकींकडे न बघता बसलो. इस्त्रीचा चटका लागून एक सदरा जळला, तिने तो नुसता बाजूला ठेवला.

वाईट असेल तरी लिही.

शिडी

२८ ऑक्टोबर

शिडे,

पोर जिवंत आहे. आधी हे वाच, मग पुढचं.

फोन मी उचलतच नव्हते, कारण विभागप्रमुख करत होते. तुझा जीव टांगणीला लागला असेल हे सुचायलाच हवं होतं, सुचलं नाही.

मी तिचं नाव दिलं नाही. माझ्या शेजारी बाकावर बसवलं आणि कारण सांगितलं, अर्धंमुर्धं. ती ढसाढसा रडली. मग म्हणाली, "मॅडम, तुम्ही भित्र्या आहात." बरोबरच होतं तिचं. पहिले दोन सेट आम्ही एकेक वाटून घेतले, तिसऱ्यात बरोबरीवर आलो तेव्हा विभागप्रमुख माझ्या मागे येऊन वाकले. "ती का बसलीय?" मी उठले. खरं सांगते, तिला उतरवायलाच उठले. तिने लगेच पाण्याची बाटली खाली ठेवली, अगदी सावकाश, आवाज न होऊ देता, आणि बुटाची नाडी बांधायला वाकण्याआधी खांबाला टेकून एक श्वास घेतला. मी परत बसले आणि तिचा हात धरून ठेवला. ती सोडवत होती, मी सोडला नाही. हरलो, शेवटचा चेंडू आमच्याच हातून नेटला लागला.

तपासणी झाली. ती वाहिनी फुगलेली आहे, पुष्कळ. डॉक्टरांनी चित्रावर ती दोनदा मोजली. मग म्हणाले, आणखी एक हंगाम खेळली असती तर मला तिच्याबद्दल काही सांगता आलं नसतं. आता औषध चालू केलंय, पुढे एक ऑपरेशन. वाढेल, शिकेल, म्हातारी होईल. उडी मात्र मारायची नाही, कधीच नाही. वडिलांचं तिच्या आईने फोनवर सांगितलं. मी खोलीबाहेर उभी होते. आतून रडण्याचाही आवाज आला नाही, त्याची जास्त भीती वाटली. निघताना माझ्याशी बोलली नाही.

माझा करार संपला. खुर्ची नवी होती, तिचंच वाईट वाटतं. महिनाअखेरपर्यंत खोली माझ्याकडे आहे, तेवढ्यात मी माझ्या सगळ्या जुन्या पोरींना फोन लावतेय. "मूठ मिट, अंगठा कुठे येतो सांग." त्यांना वाटतं बाईंचं डोकं फिरलं. एक म्हणाली, "मॅडम, मुलाला भरवतेय, नंतर मिटते." मी म्हटलं, आत्ता मिट. अंगठा बाहेर आला त्यांना तपासायला पाठवलं. मुख्य प्रशिक्षक म्हणून माझं हे शेवटचं काम, आणि आयुष्यात पहिल्यांदा मी सरांची परीक्षा बरोबर घेतेय.

आणि आता तू. फोन लावता लावता मला मैदानातली तू आठवलीस. सराव संपल्यावर आम्ही धापा टाकायचो आणि तू भिंतीला टेकून छातीवर हात ठेवून गप्प बसायचीस. खेळ सोडलास तेव्हा लग्न ठरलंय म्हणालीस. ते लग्न नंतर दोन वर्षांनी झालं, शिडे. नव्या मजल्याची धाप तू मला गंमत म्हणून लिहिलीस. तिच्या आईचं बोलणं तुला इतकं का पटलं, ते मला आत्ता कळतंय.

तू मला सांगितलंस, तिला खेळवू नकोस. मी ऐकलं, त्यात माझी नोकरी गेली. आता तू माझं ऐक. तू गेलीस तर मी भांडू कोणाशी?

बुटकी

२१ नोव्हेंबर

प्रिय बुटके,

रुग्णालयाच्या बाकावर बसून लिहितेय. आत अजून एक जण आहे, मग मी.

तुझं पत्र आलं आणि मी ते घडी घालून कपाटात टाकलं. उत्तर द्यायचं नाही असंच ठरवलं होतं. हो, तेव्हा लग्न नव्हतं. मैदानावर एकदा डोळ्यांपुढे सगळं काळं झालं आणि उठले तेव्हा ठरवलं की कोणाला विचारायचं नाही. विचारलं नाही तर काही नाही. इतकी वर्षं मी त्याच हिशेबाने जगले. जिना आला की चपलेत खडा गेल्याचं नाटक करून थांबते. त्या पोरीला तुझ्याकडे पाठवलं तेव्हा मला वाटलं, मी थांबले तिथून ही पुढे जाईल. ती कुठून निघाली होती ते मी बघितलंच नाही.

ती परत आल्यावर आठवडाभर घरातून बाहेर पडली नाही. मग एका सकाळी शाळेच्या मैदानावर आली आणि कोपऱ्यात बसली. लहान मुली चुकीच्या जागी उभ्या राहत होत्या. तिला बघवेना, बसल्या जागेवरून ओरडायला लागली. "तू मागे. तू नेटला. हात वर, चेंडू येईपर्यंत वाट नको बघू." अगदी तुझा सूर, हातवारेसुद्धा तुझेच. आता रोज येते. तुला मॅडमच म्हणते, पण परवा स्वतःहून विचारलं, "मॅडमना दुसरीकडे काम मिळालं का?"

मी जिन्यात थांबले होते, खडा काढत. ती मागून आली. म्हणाली, "बाई, मूठ मिटा." मी म्हटलं, वर्ग आहे माझा. ती वाट अडवून उभी राहिली, आणि ती वाट अडवते तेव्हा ती खरंच अडते. मूठ मिटली. तिने बघितलं. इथली वेळ तिनेच घेतली.

फार भीती वाटतेय गं. पोरीसमोर रडायचं नाही म्हणून तुला लिहितेय, अक्षर त्यामुळे असं आलंय. ती शेजारी बसलीय, गुडघे पुढच्या बाकाला टेकवून. मघाशी म्हणाली, "सामन्याच्या दिवशी मॅडमनी माझा हात धरला होता. मी किती ओढला, सोडलाच नाही."

आतून माझं नाव पुकारलं. तिने हात पुढे केलाय. मी मूठ मिटलीय, तिने तिची वर ठेवलीय. दोघींचे अंगठे बाहेर.

जाते.

तुझी,
शिडी